शांत बँटम कोंबडा हवाय? आधी त्याच्या कोंबड्यांच्या पाठी बघा

कुडाळ तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. परसात सात कोंबड्या आहेत, चार गावरान आणि तीन सिल्की, म्हणजे लोकरीसारख्या मऊ पिसांची बुटकी जात. आधीचा कोंबडा असील ह्या झुंजीच्या जातीचा क्रॉस होता, तो पाच वर्षांच्या नातवाच्या अंगावर जायचा म्हणून देऊन टाकला. आता छोटा, गरीब स्वभावाचा बँटम कोंबडा हवाय, कुठली जात घेऊ आणि पिल्लू घेऊ का मोठा घेऊ, असं विचारलंय.

ताई, नुसती खाण्यापुरती अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही, कोंबड्या त्याच्याशिवायही तेवढीच अंडी घालतात. पण तुमच्या सिल्की वारंवार खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसतात आणि तुम्हाला पिल्लं काढायचीयत, म्हणजे नर हवाच. सातांना एक पुरे. दोन घेऊ नका, एवढ्याशा जागेत दोघं एकमेकांना रक्तबंबाळ करतात.

आता जात. बँटम ही एकच अशी जात नाही, बुटक्या कोंबड्यांना सरसकट बँटम म्हणतात, जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून ते नाव पडलं. त्यातल्या सिल्की आणि कोचीन बँटम ह्या दोन गरीब म्हणून ओळखल्या जातात. कोचीनच्या पायांवर पिसं असतात, जून ते सप्टेंबर तुमच्याकडे ती चिखलाने लडबडलेलीच राहणार, म्हणून कोकणात मी तो सुचवत नाही. जपानी बँटमचे पाय इतके आखूड की पोट जमिनीला टेकतं, शिवाय आखूड पायाच्या नराला आखूड पायाची मादी लावली की साधारण चौथा हिस्सा पिल्लं अंड्यातच मरतात, त्यामुळे तोही नको. तुमच्यासाठी सिल्कीच बरा, फक्त त्याची पिसं पाणी झटकत नाहीत, भिजला की गारठतो, तर पावसाळ्यात कोरडी पडवी पाहिजे आणि बसायची काठी अगदी खाली, कारण त्याला उडता येत नाही. गावरान कोंबड्यांना सिल्की नर लागला तर पिल्लं साध्या पिसांची निघतील, पायाचं पाचवं बोट मात्र बऱ्याच पिल्लांत उतरतं, बघायला मजा वाटते.

पण जात बघून स्वभावाची खात्री धरू नका हो. सिल्कीतही मारके नर असतात आणि गावरानमध्येही देवमाणूस कोंबडे मी पाहिलेत. म्हणून पिल्लू घेऊच नका. एक तर सिल्कीत नर-मादी चार-पाच महिन्यांपर्यंत नीट ओळखू येत नाही, मी स्वतः आठवडी बाजारातून जोडी म्हणून दोन पिल्लं आणली होती आणि पाचव्या महिन्यात दोन्ही आरवायला लागली. दुसरं म्हणजे नराचा खरा स्वभाव चौथ्या ते सहाव्या महिन्यात अंगात नरपण आल्यावरच बाहेर पडतो, तोवर सगळेच मांडीवर बसणारे असतात. वर्षभराचा, कोंबड्यांमध्ये राहिलेला नर घ्या.

आणि तो विकणाऱ्याच्या अंगणातच बघा, पिंजऱ्यात नाही. मूठभर तांदूळ घेऊन जा, टाका, आणि पंधरा मिनिटं गप्प बसून राहा. चांगला कोंबडा दाणा दिसला की आधी कुट कुट कुट करून माद्यांना बोलावतो, दाणा चोचीत उचलतो, परत खाली टाकतो, परत उचलतो, त्या आल्या की बाजूला सरकतो आणि मग स्वतः खातो. जो आधी स्वतः तुटून पडतो आणि कोंबड्यांना हुसकावतो तो घरी आणू नका. नंतर त्याच्या कोंबड्यांच्या पाठी बघा. पाठीवरची आणि मानेमागची पिसं गेलेली, कातडी लाल उघडी पडलेली असेल तर नर आडदांड आहे, किंवा त्याच्या वाट्याला माद्या फार कमी आहेत, ते विचारून घ्या. मग तुम्ही उभ्या राहून त्याच्या जवळून चाला. बाजूला झाला तर उत्तम. एक पंख खाली सोडून तुमच्याभोवती तिरका तिरका नाचायला लागला किंवा मान फुलवून समोर उभा राहिला, तर तो तुम्हाला प्रतिस्पर्धी समजतोय. विकणारा म्हणेल खेळतोय, तरी घेऊ नका, घरात लहान मूल आहे आणि त्या वयाच्या मुलाचे डोळे कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात येतात.

सिल्कीच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो, त्याला नीट दिसत नाही, मग वरून हात आला की दचकून टोचतो आणि आपण म्हणतो मारका निघाला. डोळ्यांपुढची पिसं कात्रीने कापा आणि त्याला नेहमी बाजूने, खालून उचला. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, अगदी वेगळी जागा, वेगळं भांडं. शेपटीखाली उवा बघा, पायाची खवलं उचललेली आहेत का बघा, मानमोडीची लस झालीय का ते विचारा आणि नसेल तर तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून देऊन घ्या. सिल्कीला मॅरेक्स, म्हणजे पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग, पटकन धरतो, एक पाय पुढे एक पाय मागे टाकून बसलेला दिसला तर तो कळपात घालूच नका. सगळं ठीक असेल तर रात्री अंधार पडल्यावर खुराड्यात काठीवर नेऊन ठेवा, सकाळी गोंधळ कमी होतो. लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, त्याला कायमचं नको, त्यातला चुना अंडी देणाऱ्या मादीसाठी असतो, नराच्या मूत्रपिंडावर ताण येतो. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, कोंबड्या लागेल तेवढा खातात.

नातवाला शिकवा की कोंबड्यासमोर पळायचं नाही आणि काठीही उगारायची नाही. पळालं की तो जिंकला असं समजतो, लाथ मारली की रोज भांडायला येतो. अंगावर आलाच तर मोठ्यांनी त्याला उचलून पंख दाबून काखेत धरायचं, शांत होईपर्यंत तसंच घेऊन फिरायचं. महिनाभर हे करूनही येत राहिला तर ठेवू नका, आणि पिल्लं काढायलाही वापरू नका, तो स्वभाव पुढे उतरतो. चांगला निघाला तरी दोनेक वर्षांनी बदला, नाहीतर स्वतःच्याच लेकींना लागतो.

ठाण्याच्या एका दादांनीही विचारलंय, गच्चीत तीन बँटम कोंबड्या आहेत, नर ठेवला तर शेजारी ओरडतील का. ओरडतील. बँटमचा आवाज बारीक असतो पण तो आरवतो दिवसभर, अंधारात कोंडलं तर फक्त सकाळ थोडी उशिरा होते. गळ्याला पट्टा बांधायचा व्हिडिओ बघून तसलं काही करू नका, श्वास कोंडतो. तुमची कोंबडी खुडूक बसली की नर असलेल्या कुणाकडून ताजी पाच-सहा अंडी आणा आणि रात्री तिच्याखाली सरकवा, एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं मिळतील, नर पाळायची गरज नाही.