कुठेही चोरी झाली की आमच्याच राखणदाराला उचलतात

('वकीलताईंना विचारा': वाचकांचे प्रश्न आणि निवृत्त वकीलताईंची उत्तरे)

वकीलताई, नमस्कार. आमच्या लिंबोणीच्या बागेवर एक फासेपारधी कुटुंब राखणीला आहे. नवरा-बायको, दोन लेकरं. मागच्या महिन्यात शेजारच्या गावात घरफोडी झाली आणि दुसऱ्या रात्री पोलिसांनी गड्याला पालातून उचलून नेलं. खरं तर घरफोडी झाली त्या रात्री तो आणि आमचे मालक मोटारीवर होते. लाईट रात्रीचीच असते, पाणी भरत होते दोघं. तीन दिवसांनी सोडलं. कागद कसलाच नाही. पायाची नखं काळी पडलीत, विचारलं तर 'पडलो' म्हणतो. भावकी म्हणते, नसती ब्याद कशाला ठेवता? मी ठाण्यात जाऊन बोलावं का, की बाईमाणसाने त्यात पडू नये?
— एक वाचक भगिनी, जि. अहिल्यानगर

पडा. आणि मालकांना सोबत न्या, कारण त्या रात्री तो कुठे होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पारध्याच्या शब्दाला ठाण्यात किंमत नसते, सातबारा असलेल्या माणसाच्या शब्दाला असते. हे अन्यायाचंच आहे, पण आज ते वजन तुमच्याकडे आहे, तर त्याच्यासाठी वापरा.

'तीन दिवस ठेवलं आणि कागद नाही' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. सगळं प्रकरण त्याच वाक्यात आहे. अटक केली असेल तर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. अटकेचा पंचनामा होतो, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते, नातेवाइकाला कळवावं लागतं. नुसतीच चौकशी करायची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस देता येते. अटकही नाही, नोटीसही नाही आणि माणूस मात्र तीन दिवस आत, असं कायद्यात कुठेच बसत नाही. 'चौकशीसाठी आणलाय' हे उत्तर ठाणे अंमलदाराकडून मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: 'बाई, सोडतोच आहोत, तुम्ही कशाला आलात?'

आता करायचं काय? आधी गड्याला सरकारी दवाखान्यात नेऊन तपासून घ्या, केसपेपर जपून ठेवा. माराच्या खुणा कायम राहत नाहीत, म्हणून आजच. मग पोलीस अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज लिहा: कुठल्या तारखेला किती वाजता नेलं, कधी सोडलं, घरफोडीच्या रात्री तो कुठे होता. खाली मालकांची सही, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. अर्जात एक मागणी न विसरता घाला: त्या तीन दिवसांचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण दीड वर्ष सांभाळा असं बजावलंय, निदान वर्षभर तरी. वकील फुकट मिळतो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा.

तो 'पडलो' म्हणतो याचं नवल वाटून घेऊ नका. मी तालुक्याच्या कोर्टात उभी राहायचे तेव्हाचं सांगते. रिमांडला आणलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' मागे, हातभर अंतरावर, त्याला आणणारा तोच हवालदार उभा असतो. बेडीचं दुसरं टोक त्याच्याच हातात. माणूस हात जोडतो आणि म्हणतो, 'काय नाय, साहेब.' रोजनाम्यात लिहिलं जातं: तक्रार नाही. पुढचा आरोपी. एवढ्याला मिनिटही लागत नाही. त्या कागदावरून कुणी पुढे 'मारहाण झालीच नव्हती' असं म्हणालं तर त्याला मी काय उत्तर द्यावं?

भावकीला सांगायला थोडा इतिहास देते. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा नाही, खटला नाही, पारध्यांसारख्या यादीतल्या जातीत जन्मला म्हणून नाव नोंदवायचं, पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. सोलापुरात तारेचं कुंपण घालून माणसं ठेवली होती, त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं हे चाललं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. तुमच्या गड्याच्या आज्याने ती हजेरी दिली असेल. नातवाला रात्री पालातून उचलताना आजही कुणी वॉरंट मागत नाही.

आणि हे दोन थपडांवर थांबतंच असं नाही. 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर हल्ला होऊन खून पडले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठरवली. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळीच माणसं ओळखली होती, पण त्यांचा तपासच झाला नाही. प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली, सोळा वर्षं गेली. आणि खरे मारेकरी? ते मोकळेच राहिले ना. भावकीला एवढं तरी विचारा की तुमची घरं फोडणारा आज कुठे आहे.

मॅडम, मी पोलीस हवालदार आहे, मराठवाड्यात. तुमच्या सदरात आमच्यावर नेहमी टीका असते. घरफोडी झाली की वरून डिटेक्शनचा, म्हणजे गुन्हा उघडकीला आणण्याचा, तगादा सुरू होतो. रेकॉर्डवरच्यांना बघायचं नाही तर कुठे बघायचं? आमच्यातही माणूस आहे, हे कुणी बघत नाही.
— एक वाचक

दादा, बघते मी. गणपती ते नवरात्र बंदोबस्त, रजा अर्जावरच मरते, क्वार्टरचं छत गळतं आणि वाटेत पुढारी दम देतो. तुमच्या साहेबांना आकडा हवा असतो आणि तो आणायला तुम्हाला पाठवतात. हे सगळं मला मान्य आहे.

पण रेकॉर्डचं मात्र मान्य नाही. रेकॉर्ड तयार कसं होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दर चोरीला पारधी वस्तीवर कोम्बिंग, म्हणजे घराघराची झडती, झाली तर नोंदी तिथल्याच होणार, आणि पुढच्या चोरीला त्याच नोंदी दाखवून पुन्हा तिथेच जायचं. बंगल्यातल्या पोराने बापाच्या मित्राचं कपाट फोडलं तर ठाण्यात फोन येतो, प्रकरण घरात मिटतं. त्याचं रेकॉर्ड कधी होणारच नाही.

मे 2024 मध्ये दिल्लीतल्या एका हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे ठाण्यातल्या सराइतांच्या नोंदीच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: मागास, गरीब समाजातल्या निरपराध माणसांची नावं यांत्रिकपणे त्यात घालू नका. 3 ऑक्टोबर 2024 च्या तुरुंगातील जातिभेदाच्या निकालात तर विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्यांना, मनमानी अटक होऊ नये याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असं स्पष्ट आहे. साहेब दटावतील तेव्हा हा निकाल पुढे करा, अंगावर घ्यायला न्यायालय आहे.

एक विचारते, राग मानू नका. तुमच्या हद्दीतल्या पालावर दिवसा, हातात काठी न घेता शेवटचे कधी गेलात? तिथल्या माणसाची शेळी चोरीला जाते, त्याच्या पोरीची छेड निघते, गावकरी पालं पेटवून देतात. यातली कुठली फिर्याद तुम्ही स्वतः लिहून घेतलीत? बहुतेक ठिकाणी त्याला 'उद्या ये' सांगतात, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, देतात. एकदा त्याच्या शेळीचा एफआयआर नीट घ्या, प्रत हातात द्या, ती फुकट द्यायची असते. ज्याची फिर्याद घेतली जाते तो माणूस पुढे खबरही देतो. मार खाल्लेला माणूस मार थांबावा म्हणून कुणाचंही नाव घेतो, आणि मग मुद्देमाल कुठल्या सोनाराकडून 'निघतो' ते आपण दोघेही जाणतो.

ताई, मी पारधी समाजातला आहे, बारावी झालोय, पोलीस भरतीची तयारी करतोय. मोठ्या भावावर चॅप्टर केस झाली आहे. मला अडचण येईल का?
— एक विद्यार्थी, जि. बीड

भावाची केस ही भावाची. शिवाय चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी हमी लिहून घेण्याची ती प्रतिबंधक कारवाई असते. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये तुमच्याबद्दल विचारतात. तुमच्यावर काही असेल, अगदी सुटला असाल तरी, लपवू नका. 2016 च्या एका निकालानंतर माहिती दडवणं हेच नोकरी घालवण्याचं कारण ठरू शकतं. खरी अडचण येते ती जातवैधता प्रमाणपत्राची. आजोबांच्या शाळेचा दाखला नसतो, जुनी महसुली नोंद नसते आणि समिती पुरावा मागते. धावण्याचा सराव सकाळी करा, पण दुपारी तहसीलला चकरा मारून वडिलांचं आणि चुलत्यांचं जे काही कागदावर आहे ते गोळा करायला आत्तापासून लागा. जाहिरात निघाल्यावर वेळ पुरत नाही.