वर्दी न आलेला दिवस

“यांना एखादा छंद लावून द्या हो, दिवसभर नुसते बसून असतात.” फोनवर त्यांच्या पत्नीने एवढंच सांगितलं. अग्निशमन दलात ३२ वर्षं काढलेले गृहस्थ, निवृत्तीला आठ महिने झालेले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रुग्णवाहिका, पोलीस, बचाव पथक अशा नोकऱ्यांतून बाहेर पडलेल्यांच्या घरूनही हीच काळजी माझ्याकडे येते, उपायासकट. छंदाशी माझं वैर नाही. पण पेटत्या जिन्यावरून माणसं खाली आणलेल्याच्या हातात खुरपं दिलं, की तो दोन आठवडे निमूट माती उकरतो आणि तिसऱ्या आठवड्यात घरचे म्हणतात, यांना कशातच रस नाही.

ते वेळेच्या वीस मिनिटं आधी आले. भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असे बसले. “मला काही झालेलं नाही. हिच्या समाधानासाठी आलोय.” मग थोडं थोडं निघत गेलं. रात्री अडीच-तीनला जाग येते. उठून गॅस बंद आहे ना ते पाहतात. चपला पलंगाखाली अशा ठेवतात की पाय टाकला की सापडाव्यात. रस्त्यावरून बंब गेला की खिडकीशी. “एकच गाडी गेली तर कचरा पेटला असेल. मागून दुसरी गेली की बसवत नाही.”

“नेमकं काय चुकल्यासारखं वाटतं?”

बराच वेळ गप्प. मग, “कोणी बोलवत नाही.”

दलात मदतीची हाक आली की ‘वर्दी आली’ म्हणतात. इतरांना वर्दी म्हणजे गणवेश. यांच्या दोन्ही वर्द्या एकाच दिवशी गेल्या होत्या. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ताणाच्या घटनांची मोजपट्टी तयार केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण धरले, तर नोकरीवरून काढून टाकण्याला ४७ आणि निवृत्तीला ४५. फरक अवघा दोनचा. पण निवृत्तीला निरोप समारंभ होतो, त्यामुळे घरच्यांना त्यातला ताण दिसत नाही.

मात्र सगळंच ‘रिकामपण’ नव्हतं. एका रस्त्याने ते आजही जात नाहीत. तिथल्या एका घरात त्यांना उशीर झाला होता. कामाचा भाग म्हणून भीषण प्रसंग वारंवार वाट्याला येणं हेही मानसिक आघाताचं कारण ठरू शकतं, हे २०१३ मध्ये आलेल्या मनोविकारांच्या डीएसएम-५ या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यासाठी त्यांना आघातावरचे उपचार करणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवलं. अशी झोपमोड नवा उद्योग सापडल्याने आपोआप जात नाही. शारीरिक तपासणीही करायला लावली, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारक ठरवलं आहे. (दारू वाढली असेल किंवा ‘आता जगून काय करायचं’ अशी भाषा कानावर आली, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

पुढची चूक माझी. मी त्यांना एका स्वयंसेवी बचाव गटाकडे जायला सुचवलं. तीन आठवड्यांत ते भांडून परतले. “पोरांना गाठ मारता येत नाही आणि सांगितलेलं ऐकायचं नाही.” गेलेली वर्दीच त्यांना परत मिळवून द्यायला निघाले होते मी. तिथे गेल्यावर त्यांना काय मिळालं? आपण आता पहिल्या गाडीवर नाही, याचा आठवड्यातून दोनदा पुरावा.

मग एकदा सहज विचारलं, “वर्दी न आलेला दिवस कसा जायचा?” मोठ्या आगींबद्दल तुटक बोलणारा हा माणूस पाऊण तास बोलला. सकाळी हजेरी. होज, म्हणजे पाण्याची नळी, उलगडून चिरा बघायच्या. नळ्या जोडायचं कपलिंग हाताने फिरवायचं. पंप चालू करून आवाज ऐकायचा. श्वसनसंचाच्या सिलिंडरमधला दाब पाहायचा. नव्या मुलाला तेच पुन्हा करायला लावायचं. “असा दिवस वाया गेला असं वाटायचं?” मी विचारलं. ते चक्क हसले. “वाया? त्याच दिवसांवर तर बाकीचे दिवस चालायचे.”

नोकरीचा मोठा भाग असा होता, आणि तो करायला कोणी बोलावण्याची गरज नव्हती. त्यांनी स्वतःच्या इमारतीपासून सुरुवात केली. महिन्याच्या पहिल्या दिवशी आग विझवायच्या सिलिंडरांची पाहणी: दाबाचा काटा हिरव्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, नळी फुटली आहे का. कार्बन डायऑक्साइडवाल्याला काटा नसतो, तो वजनावर तपासावा लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जिन्यात ठेवलेल्या सायकलींवरून शेजाऱ्यांशी दोनदा खटके उडाले. मग रात्रपाळीच्या दोन पहारेकऱ्यांना शिकवायला घेतलं. जाग अजून येते, आठवड्यातून एक-दोनदा. पत्नीची नवी तक्रार अशी, की आता स्वयंपाकघराचीही पाहणी होते आणि शेरे वहीत लिहिले जातात. ही तक्रार मी अद्याप सोडवलेली नाही.

मधल्या एका भेटीत निघताना ते माझ्या दाराबाहेर थबकले. “मॅडम, याचा काटा लाल पट्ट्यात आहे.” त्या सिलिंडरजवळून मी रोज जात-येत होते. पुढच्या वेळी आले तेव्हा आधी त्याच्यापाशी वाकले, काटा पाहिला आणि मग आत येऊन बसले.