घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर 1988 साली बांधलेले आहे आणि संडासातील चिनी मातीचा कमोड तेव्हाचाच आहे. गेली सात-आठ वर्षे आम्ही बोअरचे पाणी वापरतो. कमोडच्या मागच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी रंगाचा जाड पट्टा तयार झाला आहे, वरच्या कडेखालून पाणी एकाच बाजूने उतरते आणि फ्लश केल्यावर मैला एका वेळी जात नाही. प्लंबरने अ‍ॅसिड ओतावयास सांगितले. परंतु खाली शहाबादी फरशी आहे आणि माझ्या 78 वर्षांच्या आई हाच संडास वापरतात. अ‍ॅसिड वापरावे की कमोडच बदलावा? कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण अ‍ॅसिड ओतण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले झाले. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड, आणि कमोडमध्ये साचलेला थरही बराचसा चुन्याचाच. जे अ‍ॅसिड थर विरघळवते तेच फरशीही खाते. चार थेंब सांडले तरी तिथली झिलई जाऊन खडबडीत पांढरा डाग पडतो आणि तो पुन्हा निघत नाही. कोटा आणि कडप्पा या फरश्यांचेही तसेच आहे.

थर कशाचा आहे हे कळले की उपाय आपोआप उमगतो. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणतेची मर्यादा प्रतिलिटर 200 मिलिग्रॅम ठरवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा दिली आहे. बोअरचे पाणी या आकड्यांच्या कोणत्या बाजूला आहे, हे प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्यावे. असे पाणी कमोडच्या भिंतीवर वाळले की पांढरा थर मागे राहतो. त्यात लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, पाणी अल्कधर्मी बनते आणि फॉस्फेटचे क्षार खाली बसतात. आपण वर्णन केलेला पिवळट-तपकिरी रंग आणि कितीही धुतले तरी न जाणारा वास बहुधा या दुसऱ्या थराचा असतो. साबण किंवा फिनेल यांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही, कारण हा मळ नसून दगड आहे.

प्रथम दोष नेमका कुठे आहे ते पाहावे. टाकीचा फ्लश न वापरता बादलीभर पाणी कमोडमध्ये एका दमात ओतावे. सर्व पाणी झपाट्याने खेचले गेले, तर खालचा मार्ग मोकळा आहे आणि कडेखालची छिद्रेच क्षारांनी बुजली आहेत, असे समजावे. पाणी वर चढून हळूहळू उतरले, तर कमोडच्या वळणात थर साचून वाट अरुंद झाली आहे किंवा पुढे चेंबरमध्ये अडथळा आहे. चेंबरचे झाकण उघडून पाहिले की या दोहोंपैकी काय ते कळते, आणि अडथळा चेंबरमध्ये असेल तर थर काढण्याची सारी मेहनत वाया जाते.

आता प्रत्यक्ष सफाई. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड, एका लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. पाणी उकळते नसावे. एक तर जुनी चिनी माती तडकू शकते, आणि दुसरे म्हणजे गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळत असल्याने त्याचाच नवा साका बसतो. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी आणि कमोडच्या वळणातले पाणी जुन्या ब्रशने ढकलून व उरलेले फडक्याने टिपून काढावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पाण्यात पातळ झालेले द्रावण निरुपयोगी ठरले की उपायालाच दोष देतात. त्यानंतर दोन लिटर द्रावण ओतावे, आणि त्यातच भिजवलेल्या सुती चिंध्या मागच्या पट्ट्यावर व कडेखाली छिद्रांना चिकटतील अशा दाबून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी चिंध्या हातमोजे घालून उचलाव्यात, फ्लश करू नयेत. मऊ झालेला थर नायलॉनच्या ब्रशने घासावा, आणि हातआरसा खाली धरून प्रत्येक छिद्र प्लास्टिकचे वेष्टन असलेल्या विजेच्या तारेच्या तुकड्याने मोकळे करावे.

इतक्या वर्षांचा थर एका रात्रीत जाणार नाही. चार-पाच रात्री हेच करावे लागेल, आणि आईंसाठी त्या रात्रींची दुसरी सोय आधी करून ठेवावी. माझे मत स्पष्ट आहे : अशा कामात द्रावणाची तीव्रता वाढवण्यापेक्षा त्याला वेळ द्यावा. तीव्र अ‍ॅसिडने कमोडच्या चकाकीला फारसे काही होत नाही हे खरे, पण बुडाशी असलेला सिमेंटचा सांधा त्याने आणि फ्लशचे धातूचे भाग त्याच्या वाफेने खराब होतात आणि छोट्या बंद संडासात श्वास कोंडतो. चकाकीचे खरे नुकसान सुरी, तारेची घासणी आणि खरखरीत पावडर करतात. एकदा ओरखडे पडले की नवा थर तिथेच जोमाने धरतो. अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली बंधने घातली, तरी खुल्या बाटल्या अजून घरांत येतात. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हाती अशी बाटली हातमोज्यांशिवाय देऊन त्यांना दार लावून काम करायला सांगणे हा अन्याय आहे, एवढे मला येथे म्हणावेसे वाटते.

मागच्या भिंतीवरच पट्टा आहे, यावरून टाकीतून पाण्याची बारीक धार सतत झिरपत असावी, असा माझा अंदाज आहे. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीतला वॉशर बदलावा, अन्यथा काढलेला पट्टा पुन्हा उमटेल. कमोड बदलण्याचा निर्णय शेवटीच घ्यावा. थर निघाल्यावर ओल्या पृष्ठभागावर बोट फिरवून पाहावे. तो गुळगुळीत लागला, तर हा कमोड आणखी बरीच वर्षे चालेल. खडबडीत लागला किंवा आत बारीक तडे दिसले, तर मात्र बदलणेच योग्य.

प्रश्न : आमच्या भारतीय बैठकीच्या संडासाच्या भांड्यावर विहिरीच्या पाण्याने लालसर-तपकिरी डाग पडले आहेत. ब्लीचिंग पावडर लावली, तर ते अधिकच गडद झाले. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : हा डाग चुन्याचा नसून लोहाचा आहे, जांभ्या दगडाच्या मुलखात असे डाग नेहमी दिसतात. ब्लीचिंगमुळे पाण्यातील लोहाचे आणखी गंजात रूपांतर होते, म्हणून रंग चढला. वर दिलेले लिंबूसत्त्वाचे द्रावणच येथे उपयोगी पडेल, कारण ते गंजही सोडवते. मात्र आपण आधी ब्लीचिंग वापरले आहे, तेव्हा भांडे, वळण आणि भोवतीची फरशी भरपूर पाण्याने धुऊन एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. ब्लीचिंग आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. म्हणून द्रावण ओतताना खिडकी आणि दार दोन्ही उघडी ठेवावीत.