बावीस वर्षांची ओळख आणि फाईलमधली ओळख

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. बावीस वर्षं एकाच सीएंकडे हिशेब आहेत. माझ्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत वाढायला उभे होते. आता मी, मुलगा आणि पुण्याचे मेहुणे मिळून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढतोय. एलएलपीच्या नावावर गोदामासाठी जागा घ्यायची आहे आणि पैशांची देवघेव आमच्या वतीने साहेबच बघणार आहेत. परवा त्यांच्या ऑफिसातून फोन आला की तिघांचे पॅन, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि भांडवल कुठून आलं त्याचे कागद घेऊन समक्ष या. खरं सांगतो, मनाला लागलं. आमच्यावर संशय आहे का? नाही दिले तर चालेल का?
– एक अडते, सांगली

उत्तर : काका, तुम्हाला वाईट वाटलं ते मला कळतं. मीही सीए आहे, इचलकरंजीत प्रॅक्टिस करते. वडिलांच्या वयाच्या कारखानदाराला "आधार द्या" म्हणताना माझीही जीभ अडखळते. पण हा संशय नाही. साहेब तुम्हाला ओळखतात, त्यांची फाईल तुम्हाला ओळखत नाही. उद्या तपासणीला कुणी आलं, तर पंगतीत वाढल्याची आठवण पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

मनी लाँडरिंगविरोधी, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा, कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून. बँका त्यात सुरुवातीपासून होत्या. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेनं प्रॅक्टिस करणारे सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंटही ठरावीक कामांपुरते त्यात आले. पक्षकाराच्या वतीने स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, पक्षकाराचे पैसे, शेअर किंवा बँक खाती सांभाळणं, कंपनीसाठी भांडवल उभं करणं, कंपनी, एलएलपी किंवा ट्रस्ट काढणं-चालवणं आणि धंद्याचीच खरेदी-विक्री ही ती कामं. नुसतं रिटर्न भरणं किंवा ऑडिट यात येत नाही. म्हणून इतकी वर्षं तुम्हाला कुणी विचारलं नाही आणि आता विचारलं. तुमचं नवं काम मात्र दोन्ही बाजूंनी यात बसतं. (ऑडिटसाठी सीए इन्स्टिट्यूटचे स्वतःचे केवायसी (पक्षकाराची ओळख पटवण्याचे) नियम १ जानेवारी २०१७ पासून आहेत, ते वेगळे.)

मेहुण्यांचे कागद का, हाही तुमच्या मनातला प्रश्न असणार. संस्थेमागचा खरा मालक कोण, हे शोधणं सीएवर बंधनकारक आहे. भागीदारीत ज्याचा भांडवलात किंवा नफ्यात १० टक्क्यांहून जास्त वाटा, तो खरा मालक धरतात. २०२३ पर्यंत ही मर्यादा १५ टक्के होती. मेहुणे सांगलीला पाऊलही न टाकता भागीदार होणार असतील, तर त्यांची विचारपूस जास्तच व्हायला हवी.

आता आमच्या गावातली एक गोष्ट सांगते, कारण त्या दिवसापासून मी याकडे निव्वळ कागदी काम म्हणून बघू शकत नाही. काही वर्षांपूर्वी वहिफणीचं, म्हणजे मागाच्या फणीतून सूत ओवण्याचं, काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. सूत ओढून ओढून बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेले. खिशातून चार घड्या घातलेलं इंग्रजी पत्र काढलं आणि म्हणाला, "ह्यात माझं नाव कुठं हाय तेवढं दाखवा." मी नावावर बोट ठेवलं. मुंबईतल्या एका कंपनीचा तो संचालक होता. त्यानं मुंबई पाहिलेली नव्हती. कर्ज काढून देतो म्हणणाऱ्या एका मध्यस्थाला त्यानं आधार, पॅन, दोन फोटो दिले होते आणि फोनवर आलेले आकडे वाचून दाखवले होते. तेवढ्यावर त्याच्या नावाची डिजिटल सही तयार झाली. कंपनी निघेपर्यंत त्या साखळीतल्या एकाही माणसानं त्याला समोर बसवून "हे तुम्हीच का?" असं विचारलं नाही. एकानं जरी विचारलं असतं, तरी सगळं तिथंच थांबलं असतं. तुमच्या साहेबांनी "समक्ष या" म्हटलं, त्यामागे हे आहे.

कागदांबद्दल. ओळख आणि पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांतलं एक चालतं. पॅन वेगळं लागतंच, पण त्यावर पत्ता नसतो. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल तात्पुरतं चालतं, पण तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यावं लागतं. आधार देताना पहिले आठ आकडे झाकलेलं, म्हणजे मास्क्ड आधार चालेल का, ते विचारून घ्या. झेरॉक्सवर सहीबरोबर तारीख आणि "फक्त एलएलपी नोंदणी व जागा खरेदीसाठी" असं आडवं लिहा. ही सवय मी माझ्या प्रत्येक पक्षकाराला लावते. भांडवलाच्या पुराव्याला तुमच्याकडे हळदीच्या विक्रीच्या पट्ट्या (हिशेबाच्या पावत्या) आणि बँकेचे उतारे असतीलच. मेहुण्यांनी जमीन विकून पैसे आणले असतील तर ते खरेदीखत जोडा.

नाही दिले तर? साहेबांना हे काम नाकारावं लागेल. दिले, तर ते तुमचे कागद तुमच्याशी कामाचा संबंध संपल्यानंतर निदान पाच वर्षं जपणार, आणि काही संशयास्पद दिसलं तर अशा व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या दिल्लीच्या सरकारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवणार. असं कळवलं, हे पक्षकाराला सांगण्याचीही त्यांना बंदी आहे. कायदा इतका कडक आहे, म्हणून त्यांनी उघडपणे कागद मागितले याचा राग धरू नका. मेहुण्यांना घेऊन एकत्रच जा.

प्रश्न : आई ७८ वर्षांची. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कोकणातली मामांबरोबरची सामाईक जमीन विकतोय आणि तिच्या वाट्याचा व्यवहार सीए बघणार आहेत. ते म्हणतात, नाव जुळत नाही. वडील हयात नाहीत. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. प्रतिज्ञापत्र करून दिलं तर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. नियमात दोनच कागदांची नावं आहेत, शासनाचा विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र. यांतला एक जोडला की जुन्या नावाचं ओळखपत्रही ग्राह्य धरतात. वडील नसताना आता विवाह नोंदणी करायला जाणं आईला दमवणारं आहे. राजपत्राचा मार्ग धरा. राज्याच्या शासकीय मुद्रण संचालनालयाकडे त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. अर्जात दोन्ही नावं अक्षर न् अक्षर तशीच लिहा, जशी पॅनवर आणि आधारवर आहेत. सातबाऱ्यावर तिसरंच स्पेलिंग किंवा नुसतं "भ्रतार (म्हणजे पती) अमुक" असं असेल, तर तलाठ्याकडे आजच विचारा. राजपत्र आलं की त्याच्या आधारे पॅन दुरुस्त करून घ्या, म्हणजे पॅन-आधार जोडणीही अडणार नाही. खरेदीखताची तारीख त्यानंतरची ठरवा.

या एका कारणानं पुरुषाची फाईल अडलेली मी आजवर पाहिलेली नाही. लग्नात नाव बदलायचं ते बाईनं, आणि पन्नास वर्षांनी त्याचा पुरावा शोधत फिरायचं तेही तिनंच. मला याचा मनापासून त्रास होतो. आईंना सांगा, चूक त्यांची नाही. लेकी-सुनांचं लग्न होईल त्या महिन्यातच दाखला काढून घ्या.

प्रश्न : सीएंच्या ऑफिसातला मुलगा फोनवर आधारचा ओटीपी मागतो. द्यावा का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : फोनवर नको. इन्कम टॅक्स रिटर्नच्या पडताळणीसाठी ओटीपी खरोखरच लागतो, त्यामुळे तो मुलगा खोटं बोलत असेल असं नाही. पण कशासाठी लागतोय, ते तुम्हाला दिसलं पाहिजे. ऑफिसात जा, शेजारी खुर्ची घ्या, पडद्यावर कोणता फॉर्म उघडलाय ते वाचा आणि आकडे स्वतःच्या हातानं टाइप करा. जाणं शक्य नसेल तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर स्वतःच्या पासवर्डनं शिरून घरूनच पडताळणी करता येते.