मूल नाही म्हणून कॅन्सर होतो का? वाचक मैत्रिणींचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न: मॅडम, मी ४३ वर्षांची, सिडकोत राहते. लग्नाला १७ वर्षं झाली पण मूल नाही. एका कार्यक्रमात नात्यातल्या बाई सगळ्यांसमोर बोलल्या की मूल न झालेल्या बाईला छातीचा नाहीतर पिशवीचा कॅन्सर होतोच. तेव्हापासून झोप उडालीये.

ताई, "होतोच" हे साफ चूक. पण थोडा जास्त धोका असतो हे खरंय आणि ते लपवून काही फायदा नाही. स्तनाचा, बीजकोशाचा आणि पिशवीच्या अस्तराचा असे तीन कॅन्सर मूल न झालेल्या बायकांमध्ये जरा जास्त दिसतात. बीजकोशाच्या बाबतीत एक कारण असं मानतात की दर महिन्याला बीज फुटतं तेव्हा बीजकोशाच्या वरच्या थराला बारीक जखम होते, ती भरते, परत होते, आणि गरोदरपणात अन बऱ्याचदा अंगावर पाजतानाही हे सगळं थांबलेलं असतं, ती विश्रांती ज्यांना मिळत नाही त्यांच्यात पेशी बिघडायची शक्यता थोडी वाढते. स्तनाबद्दल २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती, त्यात दर बाळंतपणामागे धोका साधारण ७ टक्क्यांनी कमी दिसला. हे ७ टक्के मुळातल्या धोक्याचे बरं का, १०० बायकांमधल्या ७ नाही! आणि मुळातला धोकाच कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक लहानच पडतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायका मुलंबाळं असलेल्याच असतात, हे त्या बाईंना सांगा. तुमच्या आईला, बहिणीला किंवा मावशीला स्तनाचा नाहीतर बीजकोशाचा कॅन्सर झालाय का हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: वय ३६, लग्न केलं नाही, करायचंही नाही. गंगापूर रोडला जॉब. पीसीओडी (बीजकोशाचा, हार्मोन बिघडल्याचा त्रास) आहे, पाळी चार-पाच महिन्यांनी येते. मला तर ते बरंच वाटतं. मूल नकोच आहे तर गायनॅककडे कशाला जायचं?

मला सगळ्यात जास्त काळजी तुझीच वाटली गं. गायनॅक म्हणजे बाळंतपणाचे डॉक्टर असं डोक्यात बसलंय, म्हणून मूल नसलेल्या बायका आमच्याकडे येतच नाहीत आणि सगळं अंगावर काढतात. तुझ्या केसमध्ये बीज वेळेवर फुटत नाही, म्हणजे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर जाड करत राहतं, वर्षानुवर्षं असं चाललं तर त्यातूनच अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा तरी पाळी यायलाच हवी, नाही आली तर गोळ्या देऊन आणतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी तर अस्तराचा आणि बीजकोशाचा दोन्ही धोके कमी होतात, पण मेडिकलमधून स्वतःच आणून घेऊ नकोस, बीपी, अर्धशिशी, सिगारेट, पायात रक्ताची गाठ होऊन गेलेली असं काही असेल तर त्या चालत नाहीत. शुगर पण तपासून घे. आणि आतून तपासणीची भीती असेल तर आधीच सांग, सोनोग्राफी पोटावरूनही होते.

प्रश्न: माझी अविवाहित आत्या निफाडला असते, ५८ वय. पाळी जाऊन सात वर्षं झाली, आता दोनदा डाग दिसला. ती लाजते, जायचं नाही म्हणते.

याच आठवड्यात घेऊन जा. १० पैकी साधारण ९ जणींना कॅन्सर निघत नाही, कोरडेपणा किंवा छोटा पॉलिप (अस्तरावरचा मांसल कोंब) असतो. पण पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी तपासायचंच, लवकर सापडलं तर अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा ऑपरेशनने बरा होतो.

प्रश्न: आम्ही दोघांनी ठरवून मूल नको म्हटलंय, मी ३८ ची. सासूबाई म्हणतात निदान तब्येतीसाठी तरी एक होऊ दे.

मूल हवं असेल तर जरूर होऊ द्या, पण औषध म्हणून नको. पहिलं मूल पस्तिशीनंतर झालं तर स्तनाच्या कॅन्सरपासून ते संरक्षण मिळतच नाही, उलट बाळंतपणानंतर काही वर्षं धोका किंचित वाढतो. त्यात या वयात गरोदरपणातलं बीपी, शुगर हे वेगळंच. अंग बाहेर येणं, खोकताना लघवी होणं हे त्रास मूल न झालेल्या बायकांना कमी होतात, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरही जास्त बाळंतपणं झालेल्यांमध्ये जास्त दिसतो. पण तो एचपीव्ही व्हायरसने होतो, त्यामुळे तुम्हालाही तपासणी चुकत नाही. तिशीनंतर सरकारी दवाखान्यातही ती होते, सासूबाईंनी केली नसेल तर दोघी बरोबरच जा.