मंडळीची सभा गाळ्यांवरच संपत असेल तर

सलाम. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, मासिक सभा चर्चच्या दुकानगाळ्यांच्या भाड्यावरून सुरू होते, कंपाउंडच्या भिंतीवरून भांडणं होतात, आणि आजाऱ्यांच्या भेटी, संडे स्कूल, बाप्तिस्म्याचा वर्ग हे विषय निघेपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात, असं तुम्ही लिहिलंय. मूळ काम मागं पडतंय, काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे. आमच्या सोलापुरातल्या मंडळीत हे सगळं होऊन गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, वकीलही नाही. प्रत्येक पंथाची घटना वेगळी असते, तेव्हा आमचं जसंच्या तसं उचलू नका.

मूळ काम कोणतं ते तुम्हाला सांगायला नको. बायबलमधलं मत्तय 28, 'जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा', सगळ्यांनाच पाठ असतं. तरी ते मागं पडतं कसं, ते आमच्याकडे काय झालं त्यावरून सांगतो.

आमचे रस्त्याच्या बाजूला काही गाळे आहेत. त्यांचे करार संपत आले. नव्या करारांना आमच्याच लोकांच्या वरच्या कार्यालयाचं संमतिपत्र लागतं. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, कृपया विचारू नका. अर्ज दिला, तर ठरावाची साक्षांकित प्रत आणा म्हणाले. ती दिली, तर मालमत्तेचा जुना उतारा आणा. तोही दिला, तर साहेब दौऱ्यावर. फाईल तिथं पडून राहिली, तोवर इकडं कमिटीची मुदत संपली. मग उत्तर आलं की हा ठराव जुन्या कमिटीचा आहे, नव्या कमिटीचा करून आणा. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एका सहीनं होणारं काम होतं हो! फोन उचलून 'एवढा एक कागद राहिलाय' असं कुणी सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं.

त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट. कमिटीची निवडणूक गाळ्यांवर लढली गेली. नाताळ सोडून उपासनेत कधी न दिसणारे लोक मतदानाला रांगेत उभे. संडे स्कूलला शिकवणाऱ्या दोन बाई त्या भांडणाला कंटाळून घरी बसल्या. आणि सह्यांचा अधिकार पाळकसाहेबांकडे, त्यामुळे पहाटेची गाडी धरून फायली घेऊन जाणारेही तेच.

आमच्यात विडी वळणाऱ्या एक आजी होत्या, तेलुगू बोलणाऱ्या. पायानं अधू झाल्यावर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घरी घ्यायच्या. त्या दिवशी मांडीवरचं सूप आणि तंबाखू बाजूला सारून, स्टुलावर धुतलेला पांढरा टॉवेल अंथरून त्या बसून राहायच्या. त्या काळात दोन महिने त्यांच्याकडे कुणी गेलं नाही आणि तेवढ्यात त्या गेल्या. मुलगा मातीला आला, त्यानंतर उपासनेला आलेला नाही. करार आज ना उद्या झालेच असते. हे मात्र भरून येत नाही.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 6 कमिटीत मोठ्यानं वाचा, अगदी सावकाश. येशूच्या प्रेषितांच्या पहिल्या मंडळीची ती गोष्ट. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तक्रार खरी होती. प्रेषितांनी ती टाळली नाही, पण स्वतः वाढायलाही बसले नाहीत. सात माणसं नेमली आणि आपण प्रार्थना व वचनाची सेवा धरून राहिले. त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्यातलेच कारभारी. सोलापुरासारख्या गावात, जिथं एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे बसतात, तिथं हे फार कामाचं आहे. पुढच्याच वचनात देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला असं आहे.

आम्ही तेच धरलं. मालमत्तेची उपसमिती वेगळी केली. बँकेतून निवृत्त झालेले एकजण, एक तेलुगू कुटुंबातले, आणि ज्यांनी सभेत सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता ते गृहस्थ. पत्रव्यवहाराचं अधिकारपत्र त्यांच्या नावानं दिलं, पाळकसाहेब फक्त शेवटची सही करतात. सभेत आधी कुणाच्या घरी कोण जाऊन आलं ते, मग वर्ग, मग कॉटेज प्रार्थना (घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा). गाळ्यांचा अहवाल लेखी येतो, शेवटी. पहिले काही महिने कुरबुर झाली. भेटींची वही मात्र पुन्हा भरू लागली.

जाता जाता कागदांचं. दिलेल्या प्रत्येक अर्जावर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, त्याशिवाय काउंटर सोडू नका. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो. इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. बाकी वकिलाला विचारा.

तुमच्या पोस्टखाली एकानं लिहिलंय की संस्थाच सोडा, घरोघरी भक्ती करा. मला ते पटत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, हे खरं. पण त्यांच्यामागं आयुष्यभराची भजनं, कीर्तनं आणि माणसं होती. आपल्यातले बरेच जण चिडून बाहेर पडतात आणि वर्षभरात तिथंही खुर्च्या आणि माइकचाच हिशोब करत बसतात.

माझं आणखी एक मत, कडक वाटेल. गाळ्याचं भाडं पाळकाच्या पगाराला लावू नका. दुरुस्तीला लावा, गरजूंच्या औषधाला लावा. पगार दानार्पणातूनच निघू दे, कमी पडला तर मंडळीला सांगा. भाड्यावर भागायला लागलं की आमच्याकडे लोकांचे हात आखडले, आणि मग सभेत भाड्याशिवाय दुसरं बोलणंच राहिलं नाही.

पुढच्या सभेआधी सेक्रेटरींना भेटून विषयपत्रिकेचा क्रम तेवढा बदलून घ्या. त्याला कुणाचं संमतिपत्र लागत नाही. उपसमितीच्या ठरावाचा मसुदा हवा असेल तर इथंच सांगा, आमचा देतो.