भ्रमनिरास की अपेक्षाभंग?

प्रश्न असा आहे की गाजलेला सिनेमा बघून मन खट्टू झालं तर ‘मी भ्रमनिरास झालो’ म्हणायचं का, आणि भ्रमनिरास म्हणजे भ्रम अधिक निराशा का.

निराशेचा इथे संबंधच नाही. हा ‘निरास’ म्हणजे शंकानिरसनातलं निरसन, दूर सारणं. भ्रम दूर झाला की भ्रमनिरास. त्यामुळे ‘भ्रमनिराशा’ लिहितात ते चूकच. आणि ‘मी निराश झालो’ चालतं कारण निराश हे विशेषण आहे, भ्रमनिरास हे नाम, म्हणून ‘माझा भ्रमनिरास झाला’. हल्ली ‘मी भ्रमनिरास झालो’ सर्रास दिसतं, फार खटकतं.

आता सिनेमासाठी कुठला शब्द? परवाच फ्रेंच दिग्दर्शक आर्नो देप्लेशाँचा २००८ चा ‘अं कोंत द नोएल’ (म्हणजे ‘ख्रिसमसची एक गोष्ट’) बघितला, कान चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता, अभिनेत्री कॅथरिन डनव आहे, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. फ्रान्समधल्या रुबे शहरात ख्रिसमसला कुटुंब जमतं, आईला बोनमॅरो हवाय, आणि मुलगी एलिझाबेतने भाऊ आंरीचं कर्ज फेडून त्याला वाळीत टाकलंय. एवढा द्वेष का, ते कळेल म्हणून मी अडीच तास वाट बघत बसलो आणि धड कारण शेवटपर्यंत मिळालंच नाही, वर पात्रं मधेच कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, त्याने माझं लक्ष सारखं उडत होतं. हा अपेक्षाभंग. मला हवं होतं ते सिनेमाने दिलं नाही, पण म्हणून तो वाईट किंवा त्याचं नाव फुकटचं असं मी म्हणत नाही, अभिनय तर अप्रतिमच आहे सगळ्यांचा. त्याचा मोठेपणा पोकळ निघाला असता तर भ्रमनिरास म्हटलं असतं.

हिरमोड वेगळा, तिथे आधी उत्साह लागतो आणि तो बहुतेक गोष्ट घडायच्या आतच मोडतो, म्हणजे थेटरात पोचलो आणि शो कॅन्सल, झाला हिरमोड. बघता बघता मजा गेली तर विरस किंवा रसभंग.

याच सिनेमात आई आणि आंरी बागेत बसून एकमेकांना सरळ सांगतात की आपलं एकमेकांवर प्रेम नाही. ना रडारड ना आवाज चढवणं. तिथे आंरीचा भ्रमनिरास झाला असं म्हणता येणार नाही, त्याला भ्रम नव्हताच.